चौथ्या कोपऱ्यातली खुंटी

मित्रांनो, माझ्या पायाशी एक छापील चिठ्ठी लावलेली आहे. ती एवढ्यात वाचू नका. तिच्यावर माझी लांबी-रुंदी बरोबर आहे, साल बरोबर आहे, हाप्सालू हे आमच्या समुद्रकाठच्या गावाचे नावही बरोबर आहे. शेवटची ओळ तेवढी खोटी आहे. ती खोटी का आहे आणि खोटी असूनही इतकी वर्षे मी गप्प का बसले, ते आधी ऐका.

मी एक जुनी चौकट आहे. खिडकीची नव्हे आणि तसबिरीचीही नव्हे, शाली ताणायची. आमच्याकडच्या बायका बारीक लोकरीच्या जाळीदार शाली विणतात. सुयांवरून उतरलेली शाल दिसायला अगदी गबाळी असते. हे फडके कोण पांघरणार, असेच तुम्हाला वाटेल. तिला कोमट पाण्यात धुतात आणि ओली असतानाच माझ्यावर चढवतात. काठाचे एकेक टोक माझ्या एकेका बारीक खुंटीला अडकवतात आणि मग मी ओढते. ओढले की नक्षी उघडते, पाने दिसतात, सात-सात टाक्यांच्या फुगीर कळ्या उठून येतात. आणि चुकाही दिसतात! सुटलेला टाका, मोजण्यात घसरलेली ओळ, आळसाने पाचच टाक्यांत उरकलेली कळी, माझ्यापुढे काही म्हणता काही लपत नाही. म्हणून बायका मला जरा वचकून असत. मला ते आवडायचे.

मला प्रीदिकने घडवले. तो होड्या बांधणारा सुतार होता. लग्नात आल्विनेला द्यायला त्याच्याकडे दागिना नव्हता, पण होडीतून उरलेले पाइनचे चांगले लाकूड होते. त्याने चार पट्ट्या तासल्या. त्यांच्या टोकांना ओळीने भोके पाडली, म्हणजे शालीच्या मापाप्रमाणे मला लहानमोठे करता येईल. चार कोपऱ्यांसाठी त्याने जुनिपरच्या लाकडाच्या चार जाड खुंट्या केल्या आणि त्या जवसाच्या तेलात उकळल्या. लग्नाच्या जेवणात मला सगळ्यांसमोर उभे करून तो म्हणाला, "घर पडेल, पण ही सुटायची नाही."

पाहुणे हसले. आल्विने हसली नाही. ती नवरीच्या कपड्यांत पुढे आली, माझा कोपरा दोन्ही हातांनी धरून तिने जीव खाऊन ओढला, आणि मग म्हणाली, "बरं."

आल्विनेच्या तोंडून 'बरं' म्हणजे केवढे कौतुक, ते मला पुढे कळले. तिच्या घराच्या पुढच्या काचेच्या पडवीत मी भिंतीला टेकून उभी असे. हवापालटासाठी गावात आलेल्या श्रीमंत बायका शाली पाहायला थेट पडवीत येत. आल्विने बोटातली लग्नाची अंगठी काढून अख्खी शाल तिच्यातून ओढून दाखवी. बायका टाळ्या वाजवत. शालीला टाळ्या मिळत आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नसे, पण मला त्याचे काही नव्हते. जाताना प्रीदिक माझ्या कोपऱ्यावर एक थाप मारून जाई, तेवढे पुरे होते.

एका ऑक्टोबरात प्रीदिक समुद्रात गेला तो जिवंत परत आला नाही. होडी त्याने स्वतःच बांधलेली होती. दफनानंतरच्या जेवणाला गाव जमले होते. आल्विनेची शाळेपासूनची मैत्रीण ओटीली कॉफी पिता पिता शेजारणीला म्हणाली, "जोड सुटले असतील. घाईघाईत बांधली होती ना होडी." आल्विनेने ते ऐकले. तिने ओटीलीच्या हातातला कप काढून घेतला आणि दार उघडून धरले. त्या दिवसापासून त्या दोघी एकमेकींशी कामाशिवाय बोलल्या नाहीत. प्रीदिकच्या हातचा जोड सुटतो, असे म्हणायची गावात पुन्हा कुणाची छाती झाली नाही.

मग युद्ध आले. घरातल्या सगळ्या शाली बटाट्यांच्या आणि पिठाच्या बदल्यात गेल्या. युद्ध संपल्यावर नवे राज्य आले आणि विणणाऱ्या बायकांची सरकारी संस्था निघाली. बारीक लोकर आता दुकानात मिळेना. ती संस्थेकडून वजन करून मिळायची आणि शाल वजन करूनच परत द्यावी लागायची. धुण्याकातरण्यात थोडी घट व्हायची, तेवढी सोडून देत. शाली तपासायला संस्थेने कुणाला नेमले असेल? ओटीलीला. तिच्या बोटांना डोळे होते, एवढे मला कबूल केले पाहिजे.

आल्विनेची धाकटी बहीण रोसी शेजारच्या खेड्यात राहायची. एकोणपन्नासच्या मार्चमध्ये सरकारचे ट्रक आले आणि पुष्कळ घरांबरोबर रोसीलाही सैबेरियात घेऊन गेले. तिची मुलगी हेल्मी त्या दिवशी विणकाम शिकायला मावशीकडे आली होती, म्हणून वाचली. ती मग मावशीकडेच राहिली. माझ्यासमोर बसून ती कळ्या घालायला शिकली. तिचा हात चांगला होता. आल्विनेने तिला तसे कधी सांगितले नाही, पण स्वतःच्या सुया तिला वापरायला दिल्या.

दोन वर्षांनी, वसंतात, रोसीचे पत्र आले. हेल्मीने ते पडवीत उभ्याने वाचून दाखवले. रोसी दिवसभर जंगलात लाकडे तोडत होती आणि तिचा खोकला जात नव्हता. "इथल्या मोठ्या साहेबांच्या बायकोला आपल्याकडची शाल हवी आहे," असे तिने लिहिले होते. "लोकर मिळाली तर हिवाळाभर मला आत, चुलीपाशी बसून विणू देतील. तयार शाल पाठवू नका, ती घेऊन मला पुन्हा जंगलात धाडतील. लोकरच पाठवा. अजून एक हिवाळा जंगलात माझ्याने निघणार नाही."

हेल्मी मावशीकडे बघत राहिली.

"माझ्याकडे काय बघतेस?" आल्विने म्हणाली. "लोकर काय आकाशातून पाडू?"

ती आत निघून गेली. आतल्या खोलीत ती बराच वेळ नाक शिंकरत होती. कुणाच्या लोकरीतला वीतभर धागाही तिने आजवर ठेवून घेतला नव्हता, हे सगळ्या गावाला माहीत होते.

दुसऱ्या दिवसापासून हेल्मी धागा वाचवू लागली. संस्थेच्या प्रत्येक शालीत ती थोड्या कळ्या सातऐवजी पाच टाक्यांत आटपायची, मध्येच एखादी ओळ गाळायची. घट म्हणून जेवढे खपेल तेवढेच. उरलेला धागा ती एका जाड करड्या मोज्यात कोंबायची आणि तो मोजा माझ्यामागे, भिंतीच्या खिळ्याला अडकवायची. मला चुका पकडायची खोड. पाच टाक्यांची प्रत्येक कळी मला कळत होती. पण सांगणार कुणाला आणि कशी?

सप्टेंबर लागला. सैबेरियात बर्फ पडायच्या आत पार्सल पोचायचे तर ते आता निघायला हवे होते. मोज्यातला गोळा एका शालीला पुरायला अगदी थोडा कमी पडत होता. हातात एकच शाल होती आणि तीही साधीसुधी नव्हती, राजधानीतल्या प्रदर्शनात जायची होती. तिथे हेल्मीला हाव सुटली. आमच्याकडे शालीचा काठ वेगळा विणून मग शिवतात, आणि बाहेरच्या कडेचे टाके नेहमी दुहेरी धाग्याने घालतात, कारण माझी सगळी ओढ त्या कडेलाच सोसावी लागते. हेल्मीने ते टाके एकेरी धाग्याने घातले. चारी काठांना.

त्या सकाळी आल्विनेने शाल धुऊन माझ्यावर लावायला घेतली. ओटीली संध्याकाळी ती न्यायला येणार होती. दहा-बारा टोके अडकवून झाली आणि आल्विनेची बोटे थांबली. मला आधीच समजले होते. दुहेरी कड खुंटीवर भरीव बसते. ही रुतत होती.

"हेल्मी, इकडे ये."

"काय मावशी?"

"काठ एकेरी घातलास?"

हेल्मी शालीचे पुढचे टोक उचलू लागली.

"तोंड शिवलंय का? विचारतेय मी."

"हो. एकेरी."

"अगं, मग ओढ कशावर बसणार? एक टोक तुटलं तर अख्खा काठ उसवत जाईल. ओटीली नुसतं बोट फिरवेल आणि कळेल तिला!"

"आईची लोकर पुरी होत नव्हती," हेल्मी म्हणाली आणि तिने माझ्यामागे बोट दाखवले.

आल्विनेने मोजा काढला, दाबून पाहिला. तिचा चेहरा मला समोरून दिसत होता. "कधीपासून चाललंय हे?"

"पत्र आलं तेव्हापासून."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तुला कळलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं. तुला कुठे येतं खोटं बोलता?"

आल्विनेने मोजा होता तिथे पुन्हा अडकवला. उरलेली टोके तिने एकेक करून हलक्या हाताने लावली आणि कोपऱ्यातल्या खुंट्या तीन-तीन भोके आत घेतल्या. मला असे अर्धवट ओढायची सवय नव्हती. तिचा बेत मला कळला. ऊन चांगले होते. शाल दुपारपर्यंत वाळली असती, घडी घालून कागदात बांधली असती, आणि ओटीलीला संध्याकाळच्या अंधुक उजेडात पुडके हातात मिळाले असते. लोकर चोरली म्हणून पकडले गेले असते तर दोघींचे काम गेलेच असते. त्यातून घरातले माणूस आधीच सैबेरियात. मोजा जप्त झाला असता आणि रोसी त्या हिवाळ्यात जंगलातच राहिली असती.

अकरा वाजता फाटक वाजले. ओटीली आली होती.

"संध्याकाळची गाडी रद्द झाली," ती धापा टाकत पायऱ्या चढली. "दुपारच्या गाडीने जायचंय, म्हणून आत्ताच आले."

"बस. कॉफी टाकते," आल्विने म्हणाली.

"नको. मागच्या वेळी तुझ्याकडे कॉफी घेतली होती ती अजून अर्धी राहिलीय."

हेल्मीच्या हातात धुण्याचे तसराळे होते. ओटीली माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने मान तिरकी केली.

"हे काय गं? शाल झोपलीय नुसती. ताण कुठाय?"

"आत्ताच लावलीय. ओली आहे."

"ओली असतानाच ओढतात. आता मला शिकवणार तू?" तिने माझ्यामागे डोकावले. "हा मोजा कुणाचा?"

"माझा," आल्विने म्हणाली. "वाळत घातलाय."

"एकच? दुसऱ्या पायाला काय झालं?"

"दुसरा विणायचाय. दे लोकर, आज विणते."

ओटीली खुदकन हसली. मग हातमोजा काढू लागली. "ते जाऊ दे. प्रदर्शनाची शाल आहे, कोपरे असे चालायचे नाहीत. खुंट्या बाहेर घे. एक नाही, तीन भोकं. तुला जमत नसेल तर मी घेते."

मित्रांनो, तीन भोके तर सोडाच, पहिल्याच भोकाला काठ गेला असता. वरच्या कडेचे एक टोक आधीच खुंटीवर काचत होते. प्रीदिकने मला ओढण्यासाठी केले होते आणि मी आयुष्यात कधी ढिलाई केली नव्हती. त्या घटकेला मला माझ्या मजबुतीचीच भीती वाटली. ओटीलीचा उघडा हात काठाकडे यायला लागला.

"तू हो बाजूला," आल्विने मध्ये शिरली. "तुझ्या जाड बोटांनी कळ्या चेपतील."

तिने माझ्या चौथ्या कोपऱ्यातल्या खुंटीला हात घातला. खुंटी भोकातून बाहेर आली. ती पुढच्या भोकात जाईल म्हणून मी वाट पाहत होते. ती गेलीच नाही! पट्टी धाडकन खाली आली, सगळा ताण उतरला आणि मी जुन्या बाजेसारखी वाकडी झाले. आल्विनेने मला अंगावर झेलले. त्या गडबडीत खुंटी तिच्या एप्रनच्या खिशात गेली. ते फक्त मला दिसले.

"गेली!" ती ओरडली. "मोडली मेली खुंटी!"

ओटीलीचा हात जिथल्या तिथे राहिला. "मोडली? कुठंय?"

"पडली असेल फळ्यांच्या फटीत."

"प्रीदिकची खुंटी मोडली?"

"का, तो काय देव होता?" आल्विनेचा आवाज चढला. "बढाया मारायचा, घर पडेल पण ही सुटायची नाही म्हणे! त्याच्या हातचं काय टिकलं? होडी टिकली? तू म्हणाली होतीस तेच खरं. जोड कच्चे होते त्याचे. घाईघाईत बांधायचा. मीच ऐकून घेत नव्हते."

हेल्मीने तसराळे खाली ठेवले. ओटीली स्टुलावर बसली. इतकी वर्षे तिला हेच ऐकायचे होते, आणि आता ते ऐकून तिला बरे वाटल्याचे दिसेना. शालीकडे तिचे लक्षच राहिले नव्हते.

"आल्विने," ती हळू म्हणाली, "दफनाच्या जेवणाला मी ते बोलायला नको होतं."

"बोललीस ते बोललीस. आता या शालीचं सांग."

ओटीलीने वही काढली आणि मोठ्याने म्हणत लिहिले. "कोपरा आखूड राहणार. प्रदर्शनाला अपात्र. दर्जा दुसरा. चौकट जुनी, बांधणी कच्ची, चौथा कोपरा सुटतो. नादुरुस्त." मग वर बघून म्हणाली, "शाल सैलच वाळव, दुसऱ्या दर्जाच्या मालात जाईल, तिथं कुणी ओढूनही बघत नाही की तोलूनही. ही चौकट पुन्हा वापरू नकोस. संस्थेची खिळ्यांची चौकट पाठवते."

"पाठव."

ओटीली गेली. जाताना तिने पायरीवर थांबून विचारले, "पुढच्या वेळी कॉफी देशील?" आल्विनेने मान डोलावली.

फाटक बंद झाल्यावर आल्विने पडवीच्या जमिनीवरच बसली. हेल्मी तिच्या गळ्यात पडायला गेली तर तिने तिला ढकलले. "रडत काय बसलीस? त्या शालीचा शेवटचा धागा मोज्यात गेलाय ना? मग पार्सल बांध. दुसरा मोजाही घाल, एक मोजा बघून टपालवाल्याला शंका येईल. जा, पळ."

मला मात्र तिने त्याच दिवशी मागच्या लाकडांच्या खोपटात ठेवले. ठेवताना तिने माझ्याकडे पाहिले नाही.

मला राग आला होता. खोटे बोलायचे होते तर माझ्या माथी का मारायचे? ज्या माणसाने मला घडवले त्याच्या नावाला काळे का फासायचे? सरपणामागे मी हिवाळाभर धुमसत राहिले. माझ्या पट्टीवर शेजारणीची कोंबडी बसू लागली. शाली जिथे वाळायच्या तिथे कोंबडीची पिसे! पडवीत आता संस्थेची चौकट होती. तिचे खिळे गंजके निघाले आणि तीन शालींना डाग पडले. ते कळल्यावर मला जरा बरे वाटले, हे लपवत नाही.

मार्चमध्ये एकदा हेल्मी सरपण न्यायला आली आणि लाकडे घ्यायचे सोडून पत्र काढून वाचत बसली. रोसीने लिहिले होते, "मोजे पोचले. पायाला अगदी बरोबर बसले. मी आतच असते. खोकला कमी आहे." हेल्मीने ते चार वेळा वाचले आणि चारही वेळा मी ऐकले. त्यानंतर माझा राग पहिल्यासारखा राहिला नाही. आल्विनेने त्या दिवशी मला मोडके ठरवले नसते, तर हे पत्र आले नसते. मला पुन्हा पडवीत नेऊन उभे करणेही तिला शक्य नव्हते. ओटीली दर महिन्याला यायची. चौथा कोपरा धड आहे, हे तिने एकदा पाहिले असते की संपलेच.

छप्पन साली रोसी परत आली. केस पांढरे, पुढचे दोन दात गेलेले, पण स्वतःच्या पायांनी चालत आली. तिसऱ्याच दिवशी तिने विचारले, "प्रीदिकची चौकट कुठाय गं?" तिघी खोपटात आल्या. आल्विनेने मला बाहेर ओढले, पिसे झटकली, फडक्याने पुसले. मग तिने एप्रनच्या खिशातून खुंटी काढली. चार-पाच वर्षांत किती एप्रन धुतले असतील, फाटले असतील, देव जाणे. खुंटी तिच्याजवळच होती, हाताळून हाताळून काळी झालेली.

तिने पट्ट्या जुळवल्या, खुंटी भोकात धरली आणि वरून मुठीने एकच ठोसा दिला. खुंटी बसली. मग लग्नाच्या दिवशीसारखाच तिने माझा कोपरा दोन्ही हातांनी धरून जीव खाऊन ओढला. आता तिचे वय झाले होते, पण ओढ तशीच होती. मी तसूभरही हलले नाही.

"बरं," ती म्हणाली, आणि कोपऱ्यावर कपाळ टेकून प्रीदिकचे नाव घेऊन मोठ्याने रडली. इतक्या वर्षांत तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिले.

आता आल्विने नाही, रोसी नाही, ओटीलीही नाही. मी इथे या संग्रहालयात आहे. संस्थेच्या जुन्या वह्या इथेच आल्या आणि त्यांच्यावरून कुणीतरी माझी चिठ्ठी लिहिली. हेल्मी आता म्हातारी झाली आहे. ती दर गुरुवारी इथे येऊन मुलींना शिकवते. चिठ्ठीतली चूक दुरुस्त करायची का, असे तिला विचारले होते. ती म्हणाली, "राहू द्या. मावशी जन्मात एकदाच खोटं बोलली. तेवढं तरी तिचं मोडू नका." म्हणून मीही गप्प बसले. आज तुम्ही इतक्या जवळ येऊन उभे राहिलात, म्हणून बोलले.

माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. शाल असो की माणूस, ओढून सरळ करायच्या आधी त्याचा काठ बोटांनी चाचपून बघा. कुठे धागा एकेरी असेल आणि तो का एकेरी राहिला असेल, ते वरून दिसत नाही. मी जन्मभर ओढतच आले, आणि मला हे एका सैल पडलेल्या सकाळी समजले.

आता चिठ्ठी वाचा. 'चौथा कोपरा सुटतो.' वाचलीत? शेजारी 'हात लावू नये' अशीही पाटी आहे. ती आज एकदाच मोडा. रखवालदार तिकडे वळला आहे. ती काळी खुंटी दिसते ना, तिला धरा आणि अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून ओढून बघा.